स्वरांतील अंतर ओळखू या : देवगिरीपासून आपल्या गायनवृंदापर्यंत

काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातील एका खेड्यात आम्ही गेलो असता तेथील एका कुटुंबाने आम्हाला एक जुनी वही दाखवली. गावात अनेक वर्षे धर्मशिक्षक म्हणून सेवा केलेल्या एका वृद्ध मास्तरांची ती वही होती. मास्तर नुकतेच देवाघरी गेले होते. वहीत सुवाच्य अक्षरांत भजने लिहिलेली होती. नाताळची, प्रायश्चित्तकाळाची, पवित्र मातेची, शेतीच्या हंगामातील उपकारस्तुतीची. प्रत्येक भजनाच्या डोक्यावर मास्तरांनी ‘चाल : नेहमीची’ किंवा ‘चाल : जुनी’ असे लिहून ठेवले होते. त्यांतील काही भजने आजही त्या गावात गायिली जातात. परंतु बऱ्याच भजनांची ‘नेहमीची चाल’ कोणती, हे सांगणारे आता कोणी उरलेले नाही. शब्द वहीत राहिले आणि सूर मास्तरांबरोबर गेले.

असा अनुभव अनेक धर्मग्रामांना आला असेल. आपली भजने मुखपरंपरेने चालत आली आहेत. ती लिहून ठेवायची तर ऐकलेला सूर कोणता, पहिल्या स्वरापासून दुसरा स्वर किती दूर आहे, हे ओळखून त्याला नाव देता आले पाहिजे. या विद्येला ‘स्वरांतर ओळखणे’ असे म्हणतात. ‘हे गवयांचे काम, आपले नव्हे’ असा समज सर्वत्र आढळतो. तो समज दूर करणे हा या लेखाचा उद्देश आहे. ज्याला एखादे भजन चुकल्यावाचून गाता येते, त्याच्या कानाला ही अंतरे आधीच ठाऊक असतात. त्याला फक्त त्यांची नावे शिकायची असतात.

स्वरांतर म्हणजे काय?

दोन स्वरांमधील उंचीचा फरक म्हणजे स्वरांतर. हे समजण्यासाठी आपल्या मंदिरातील पेटीसमोर बसावे. कोणतीही एक पट्टी ‘सा’ मानावी आणि काळ्या-पांढऱ्या सर्व पट्ट्या क्रमाने, एकही न गाळता, दाबत वर जावे. बारा पायऱ्या चढल्यावर आपण पुन्हा ‘सा’वर येतो, फक्त हा सा वरच्या सप्तकातील असतो. या बारा पायऱ्यांची नावे अशी : कोमल रे, शुद्ध रे, कोमल ग, शुद्ध ग, शुद्ध म, तीव्र म, प, कोमल ध, शुद्ध ध, कोमल नी, शुद्ध नी आणि तार सा. सा पासून शुद्ध रे दोन पायऱ्या दूर, शुद्ध ग चार, शुद्ध म पाच, प सात, शुद्ध ध नऊ आणि शुद्ध नी अकरा पायऱ्या दूर. एवढा हिशेब पाठ झाला की निम्मे काम झाले.

पाश्चात्त्य पद्धतीत हीच अंतरे स्वरांच्या क्रमांकाने ओळखली जातात. सा ते म या अंतराला ‘फोर्थ’ म्हणतात, कारण म हा चौथा स्वर. सा ते प या अंतराला ‘फिफ्थ’ म्हणतात, कारण प हा पाचवा. आपले ‘पंचम’ हे नावही तेच सांगते. सा ते तार सा या अंतराला ‘ऑक्टेव्ह’ म्हणजे आठवा असे नाव आहे. रे, ग, ध, नी यांची दोन-दोन रूपे असल्यामुळे त्यांच्या अंतरांना ‘मायनर’ व ‘मेजर’ अशी विशेषणे लागतात. कोमल ग म्हणजे मायनर थर्ड, शुद्ध ग म्हणजे मेजर थर्ड. ही नावे लक्षात ठेवल्यास इंग्रजी स्तोत्रांच्या पुस्तकांतील चाली वाचणे सोपे जाते.

सप्तकाचे अंतर तर आपल्या प्रत्येकाला जन्मतःच येते, असे म्हणावयास हरकत नाही. रविवारच्या मिस्सामध्ये स्त्री-पुरुष मिळून एखादे गीत गातात, तेव्हा सर्वजण ‘एकच चाल’ गात आहेत असे आपल्याला वाटते. वस्तुतः स्त्रिया पुरुषांपेक्षा बहुधा एक संपूर्ण सप्तक वर गात असतात. कोणी शिकवले नसतानाही सगळे मंदिर हे बारा पायऱ्यांचे अंतर अचूक सांभाळते. आपल्या कानावर आपण विश्वास ठेवावा, याला याहून अधिक पुराव्याची गरज नाही.

आपल्याच परिसरातील एक थोर ग्रंथकार

स्वरांमधील अंतरांचा सूक्ष्म विचार आपल्या शहराच्या अगदी जवळ झाला होता, ही गोष्ट आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळकडे जाताना सुमारे १५ किलोमीटरवर देवगिरीचा, म्हणजेच दौलताबादचा, किल्ला लागतो. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे यादव राजा सिंघण राज्य करीत होता. त्याच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचे विद्वान अधिकारी होते. त्यांचे आजोबा काश्मीरमधून दक्षिणेत आले होते आणि वडील सोढल यांनाही यादवांचा आश्रय होता. शार्ङ्गदेव हे राज्याच्या हिशेबखात्याचे प्रमुख होते. या हिशेबनिसाने ‘संगीतरत्नाकर’ हा सात अध्यायांचा संस्कृत ग्रंथ लिहिला. हिंदुस्थानी आणि कर्नाटक अशा दोन्ही संगीतपरंपरा या ग्रंथाला आपला आधार मानतात.

शार्ङ्गदेवांनी सप्तकाचे बावीस श्रुतींत विभाजन सांगितले आहे. सा, म, प यांना प्रत्येकी चार श्रुती. रे, ध यांना तीन. ग, नी यांना दोन. बेरीज बावीस होते. हे अंतर कानाने पडताळून पाहण्यासाठी त्यांनी बावीस-बावीस तारांच्या दोन सारख्या वीणा घेण्यास सांगितले आहे. एक वीणा अचल ठेवायची आणि दुसरीच्या तारा एकेक श्रुतीने उतरवीत पहिलीशी ताडून पाहायच्या. ‘सांगतो म्हणून माना’ असे न म्हणता ‘ऐकून पाहा’ असे सांगणारी ही पद्धत आहे.

त्यांनी स्वरांची नाती राजदरबाराच्या भाषेत सांगितली. मुख्य स्वर वादी, तो राजासारखा. ज्या दोन स्वरांच्या मध्ये आठ किंवा बारा श्रुती येतात, ते परस्परांचे संवादी. संवादी हा अमात्यासारखा. विवादी स्वर हा शत्रूसारखा आणि उरलेले अनुवादी हे सेवकांसारखे. आठ श्रुती मध्ये असलेले नाते म्हणजे सा आणि म. बारा श्रुती मध्ये असलेले नाते म्हणजे सा आणि प. शार्ङ्गदेवांच्या काळचे शुद्ध सप्तक आजच्या बिलावल सप्तकासारखे नव्हते, हे ध्यानात घ्यावे. परंतु सा-म आणि सा-प ही दोन नाती तेव्हा जी होती तीच आज आहेत.

आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. जुन्या परंपरेला अनुसरून शार्ङ्गदेवांनी प्रत्येक स्वराला एकेका प्राण्याचा किंवा पक्ष्याचा आवाज जोडून दिला : सा मोराचा, रे चातकाचा, ग बोकडाचा, म क्रौंचाचा, प कोकिळेचा, ध बेडकाचा, नी हत्तीचा. मोर खरोखरच सा लावतो की नाही, हा प्रश्न आपण बाजूला ठेवू. अनोळखी गोष्ट ओळखीच्या आवाजाला बांधून लक्षात ठेवावी, हे यामागील सूत्र मोलाचे आहे.

अरेझ्झोचे संन्यासी गुइडो

शार्ङ्गदेवांच्या सुमारे दोनशे वर्षे आधी, इटलीमध्ये, नेमके हेच सूत्र ख्रिस्तसभेच्या एका संन्याशाला सापडले होते. बेनेडिक्टाईन संघाचे गुइडो हे अरेझ्झो येथील कॅथेड्रलच्या गायकांना शिकवीत असत. त्या काळी उपासनेतील सर्व गायन पाठांतराने शिकवले जाई. दहा-दहा वर्षे शिकूनही गायकांना पूर्वी न ऐकलेले एक साधे स्तोत्र स्वतःहून गाता येत नाही, याची गुइडो यांना खंत वाटे.

त्यांनी बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाच्या सणाचे, ‘उत क्वेआंत लाक्सिस’ या नावाने प्रसिद्ध असलेले लॅटिन स्तोत्र निवडले. त्याच्या पहिल्या सहा चरणांपैकी प्रत्येक चरण आधीच्या चरणापेक्षा एक स्वर वर सुरू होतो. त्या चरणांची आरंभीची अक्षरे घेऊन गुइडो यांनी स्वरांना नावे दिली : उत, रे, मी, फा, सोल, ला. पुढे ‘उत’ऐवजी ‘दो’ आले आणि सातवा स्वर ‘सी’ जोडला गेला. गुइडो यांचे सांगणे असे की, हे एक स्तोत्र पक्के करा. नवी चाल समोर आली की तिचा स्वर यांपैकी कोणत्या चरणाच्या आरंभासारखा आहे ते आठवा. या पद्धतीने जे काम दहा वर्षांत होत नव्हते ते एका, फार तर दोन वर्षांत होते, असे त्यांनी लिहून ठेवले आहे.

पोप योहान एकोणिसावे यांनी गुइडो यांना रोमला बोलावून घेतले. गुइडो यांच्या पत्रातील वर्णनानुसार, पोपमहोदय त्यांचे पुस्तक चाळत राहिले आणि कधीही न ऐकलेला एक चरण स्वतः गाता येईपर्यंत जागेवरून उठले नाहीत. पोपमहोदयांना पाठशाळेतील मुलाप्रमाणे स्वर शिकण्यात संकोच वाटला नाही. मग आपल्याला का वाटावा?

ओळखीच्या चालींतून अंतरे

देवगिरीचा ग्रंथकार आणि अरेझ्झोचा संन्यासी यांची शिकवण एकत्र केली, तर आपल्याला शिकण्याची वाट मिळते. आपल्याला पाठ असलेल्या चालींच्या आरंभी कोणते अंतर आहे, एवढे पाहून ठेवावे. सर्वांच्या ओळखीची काही उदाहरणे आम्ही येथे देत आहोत. प्रत्येक गायनवृंदाने आपापल्या मराठी भजनांतून अशीच यादी तयार करावी.

एक पायरी (सा-कोमल रे, तसेच नी-सा) : नाताळातील ‘जॉय टू द वर्ल्ड’ या गीताचे पहिले दोन स्वर तार सा आणि नी आहेत. येथे अंतर उतरते आहे. चढते अंतर ऐकायचे असल्यास पहाटेच्या भैरव रागातील सा आणि कोमल रे आठवावेत.

दोन पायऱ्या (सा-रे) : आपल्या राष्ट्रगीताचे पहिले दोन स्वर.

तीन पायऱ्या (सा-कोमल ग) : ‘सायलेंट नाइट’ हे गीत १८१८ साली ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ येथे नाताळच्या रात्री प्रथम गायिले गेले. त्याचे पहिले चार स्वर प, ध, प, ग असे आहेत. प वरून ग वर उतरताना आपण तीन पायऱ्या उतरतो.

चार पायऱ्या (सा-ग) : राष्ट्रगीताचा पहिला आणि तिसरा स्वर. तसेच ‘व्हेन द सेंट्स’ या गीताची पहिली उडी.

पाच पायऱ्या (सा-म, तसेच प-तार सा) : लग्नाच्या मिरवणुकीत वाजणाऱ्या, वाग्नर यांच्या ‘लोहेनग्रिन’मधील विवाहगीताची पहिली उडी.

सात पायऱ्या (सा-प) : मुलांच्या ‘ट्विंकल ट्विंकल’ गीताचा दुसरा आणि तिसरा स्वर.

नऊ पायऱ्या (सा-ध) : शाळेत शिकलेल्या ‘माय बॉनी’ गीताची पहिली उडी.

बारा पायऱ्या (सा-तार सा) : वाढदिवसाच्या इंग्रजी गीतातील तिसऱ्या ओळीची उडी.

उरलेल्या अंतरांसाठी एक युक्ती आहे. वरच्या सा पासून मागे मोजावे. शुद्ध नी तार सा च्या एक पायरी खाली, कोमल नी दोन पायऱ्या खाली. कोमल ध प च्या एक पायरी वर. या युक्तीतून एक सुंदर नियम हाती येतो : सा वरून वर प सात पायऱ्यांवर आहे, आणि तोच प तार सा च्या पाच पायऱ्या खाली आहे. दोन्ही मिळून नेहमी बारा होतात. एक अंतर ओळखता आले की त्याचे उलटे अंतर आपोआप येते.

राहिले सहा पायऱ्यांचे अंतर, सा ते तीव्र म. युरोपातील जुन्या गायनशिक्षकांना हे अंतर फार खडतर वाटे. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या संगीतग्रंथांत, उदाहरणार्थ योहान योसेफ फुक्स यांच्या १७२५ सालच्या ग्रंथात, त्याला ‘संगीतातील सैतान’ म्हटलेले आढळते. ‘ख्रिस्तसभेने या स्वरावर बंदी घातली होती’ अशी कथा पुष्कळदा सांगितली जाते. परंतु तिला कोणत्याही फर्मानाचा आधार नाही. गाण्यास कठीण म्हणून ते टाळले जाई, एवढेच खरे. आपल्याकडे हाच तीव्र मध्यम यमन रागाचा प्राण आहे आणि संध्याकाळच्या भजनांत तो पंचमाकडे झेपावतो तेव्हा किती शांत वाटते! अंतर तेच असते. ते कोठून आले आणि कोठे निघाले यावर त्याचा गोडवा ठरतो.

तंबोरा, पेटी आणि घंटा

अंतरांचा अभ्यास पेटीवर सुरू करणे सोयीचे असले, तरी कानाचा खरा गुरू तंबोरा होय. तंबोऱ्याची पहिली तार मंद्र पंचमात, मधल्या दोन सा मध्ये आणि शेवटची खर्जाच्या सा मध्ये लावतात. एखाद्या तारेची लांबी निम्मी केली की वरचा सा मिळतो. दोन तृतीयांश ठेवली की प मिळतो. तीन चतुर्थांश ठेवली की म. ही प्रमाणे अगदी साधी असल्यामुळेच हे स्वर एकमेकांत मिसळून जातात. शार्ङ्गदेवांनी ज्याला संवाद म्हटले, त्याचे कारण हे आहे.

उत्तम जुळलेल्या तंबोऱ्यातून, कोणी तो न छेडताही, शुद्ध गंधार ऐकू येतो. गायक त्याला ‘स्वयंभू गंधार’ म्हणतात. खर्जाची तार स्वतःच्या पाचपट वेगानेही कंपन पावत असते, त्यातून तो उमटतो. पेटीचा गंधार याहून किंचित चढा असतो. जवळजवळ एका पायरीच्या सातव्या हिश्श्याइतका. पेटीवर बारा पायऱ्या समान वाटून दिल्यामुळे हा फरक पडतो. म्हणून नावे पेटीवर शिकावीत आणि स्वर तंबोऱ्यावर लावावा. तंबोरा नसल्यास मोबाईलवरील तंबोऱ्याचा आवाजही चालेल.

मंदिराच्या घंटेकडेही कान देऊन पाहावे. युरोपीय परंपरेने नीट घडवलेल्या घंटेच्या नादात मुख्य स्वराबरोबर त्यावरचा कोमल गंधार मिसळलेला असतो. घंटेच्या आवाजात जी गंभीर, किंचित उदास छटा जाणवते, तिचे हे एक कारण आहे. पुढच्या वेळी घंटा झाल्यावर तिचा सा गुणगुणून तो कोमल ग सापडतो का, हे पाहावे.

ऐकणे, नाव देणे, लिहिणे

ही विद्या सामान्य घरांतील मुलांना देता येते, याचे उत्तम उदाहरण गोव्याचे आहे. तेथे धर्मग्रामांच्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या मुलांना ‘सोल्फेज’, म्हणजे दो-रे-मी म्हणत स्वरलेखन वाचणे, शिकवले गेले. मिस्साच्या गायनासाठी दिलेल्या या शिक्षणातून निघालेले अनेक वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गेले. संगीतकाराने पेटीवर चाल गुणगुणावी आणि गोमंतकीय वादकाने ती ऐकता ऐकता कागदावर उतरवावी, असे तेथे नित्य घडे. शंकर-जयकिशन यांच्यासाठी वाद्यरचना करणारे सेबॅस्टियन डिसोझा आणि प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस (१९२७-२०१२) ही त्यांतील नामवंत उदाहरणे. गोन्साल्विस यांचे पहिले गुरू म्हणजे माजोर्डा गावात गायनवृंद चालवणारे त्यांचे वडील होते. ऐकलेले लिहिणे ही जादू नव्हती. लहानपणी अंतरांना नावे मिळाली होती, एवढेच.

शास्त्रीय संगीतात हेच कार्य पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनी केले. घराण्यांच्या उस्तादांकडे मुखपरंपरेने असलेल्या शेकडो चिजा ऐकून त्यांनी त्या स्वरलिपीत उतरवल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिका’ या मराठी ग्रंथमालेत प्रसिद्ध केल्या. त्यांची लिपी फार सोपी आहे. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकातील स्वराखाली टिंब आणि तार सप्तकातील स्वरावर टिंब. ज्याला मराठी लिहिता येते त्याला ही लिपी एका बैठकीत समजते.

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेत याची उणीव जुनीच आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले आणि त्याच्या ओव्या गावोगाव गायिल्या गेल्या. ओव्या पुस्तकात आल्या. चाली मात्र मुखातच राहिल्या. चारशे वर्षांनंतरही आपण मास्तरांच्या वहीवर ‘चाल : नेहमीची’ एवढेच लिहीत आहोत.

गायनवृंदासाठी सरावाचा क्रम

गायनवृंदाच्या साप्ताहिक सरावातील पहिली १० मिनिटे या अभ्यासाला द्यावीत, असे आम्ही सुचवितो. क्रम असा ठेवावा :

१. पहिल्या दोन आठवड्यांत तंबोऱ्यावर केवळ सा आणि प. एकाने सा धरावा, इतरांनी प लावावा. नंतर अदलाबदल करावी. दोन स्वर मिसळले की आवाज एकच असल्यासारखा भासतो. तो क्षण सर्वांना ओळखता आला पाहिजे.

२. त्यानंतर सा-म. प आणि म यांत नवशिक्यांचा गोंधळ होतो. लग्नाची चाल आठवली की म, ‘ट्विंकल’ आठवले की प.

३. मग भूप रागातील पाच स्वर : सा, रे, ग, प, ध. यात एका पायरीचे अंतर कोठेच येत नसल्याने चूक लवकर कळते आणि आत्मविश्वास वाढतो.

४. मग शुद्ध म आणि नी, आणि शेवटी कोमल व तीव्र स्वर.

५. प्रत्येक सरावात पेटीवादकाने पाठ फिरवून दोन स्वर वाजवावेत. इतरांनी आधी ते गाऊन दाखवावेत आणि मगच नाव सांगावे. गाण्याआधी नाव सांगणे हा केवळ अंदाज ठरतो.

६. महिन्यातून एकदा सर्वांना पाठ असलेल्या एखाद्या भजनाची पहिली ओळ सर्वांनी मिळून स्वरलिपीत लिहावी.

चुकणाऱ्याला कोणी हसू नये. ‘माझा कान नाही’ असे म्हणणाऱ्यांनी आजवर ही अंतरे कधी निरखून ऐकलेली नसतात. सरावाने बहुतेकांना ती येतात. मुले तर हे खेळ म्हणूनच शिकतात.

भाविक गप्प का राहतात?

या अभ्यासाचा फायदा रविवारीच दिसून येईल. अनेकदा गायनवृंद सुरेल गातो, परंतु मंदिरातील भाविक गप्प असतात. त्याचे दुर्लक्षित कारण म्हणजे सा कोणत्या पट्टीवर धरला आहे, हे होय. आपल्याकडे पुरुष बहुधा काळी एक किंवा काळी दोनमध्ये आणि स्त्रिया काळी चार किंवा काळी पाचमध्ये गातात. काळी चार ते वरची काळी एक हे अंतर पाच पायऱ्यांचे, म्हणजे मध्यमाचे आहे. याचा अर्थ, पुरुषांच्या सोयीने सा धरला तर स्त्रियांना आपल्या सोयीपेक्षा एका मध्यमाइतके उंच गावे लागते. पंडित जसराज यांनी स्त्री-पुरुषांच्या जुगलबंदीचा जो ‘जसरंगी’ प्रकार रूढ केला, तो याच नात्यावर उभा आहे. त्यात गायिकेचा मध्यम हाच गायकाचा षड्ज असतो.

समजा, एखादे गीत तार गंधारापर्यंत जाते आणि सा काळी एकवर धरला आहे. सा पासून तार ग सोळा पायऱ्या दूर. म्हणजे तो वरच्या सप्तकातील पांढरी चारवर येईल. शेतात राबून आलेल्या मावशींनी, सकाळी सात वाजता, तो स्वर कसा लावावा? सा चार पायऱ्या खाली, पांढरी सहावर आणला, तर तोच तार ग काळी एकवर येतो आणि सर्व मंदिर गाऊ लागते. पेटीवादकाला गीतातील सर्वात खालचा आणि सर्वात वरचा स्वर यांतील अंतर मोजता आले, तर ही चूक सरावाच्या दिवशीच टळते.

सूर जपण्याची जबाबदारी

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसिद्ध केलेल्या उपासनाविषयक दस्तऐवजाच्या ११९ व्या अनुच्छेदात, प्रत्येक देशातील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला उपासनेत योग्य मान द्यावा, असे सांगितले आहे. आपली ओवी, आपली भजने, आपल्या दिंडीच्या चाली या त्या मानाच्या अधिकारी आहेत. परंतु जी चाल कोणालाच आठवत नाही, तिला मान कसा द्यावा?

म्हणून आमची विनंती आहे. आपल्या धर्मग्रामातील वयोवृद्ध भजनी मंडळींना, जुन्या धर्मशिक्षकांना, आजींना या महिन्यात एकदा भेटावे. त्यांच्याकडून एक जुने भजन ऐकावे आणि मोबाईलवर ध्वनिमुद्रित करावे. मात्र तेवढ्यावर थांबू नये. मोबाईल बदलतो, हरवतो, आणि आतील आवाज कोणाच्या गळ्यात उतरत नाही. गायनवृंदाने ते भजन एकत्र बसून ऐकावे, एकेक अंतर ओळखावे आणि शब्दांच्या डोक्यावर स्वर लिहून वही मंदिरात ठेवावी.

मास्तरांच्या त्या वहीतील एका भजनाची चाल गावातील एका आजींना अर्धवट आठवत होती. पहिली ओळ त्यांनी थरथरत्या आवाजात गायिली : सा वरून प, प वरून हळूहळू ग वर. आम्ही ती तेथेच वहीच्या समासात लिहून घेतली. दुसरी ओळ त्यांना आठवली नाही. वहीतील त्या पानावर ‘चाल : जुनी’ या शब्दांशेजारी आता एका ओळीचे स्वर आहेत.